सासऱ्यांचा जबडा

जावई दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून त्याची पक्की खात्री झाली होती, की माणूस जिभेनं खोटं बोलेल, पण जबड्यानं नाही. त्यामुळे आपली जुनी गाडी मुलाला द्यायची, जावयाला द्यायची की स्वतःकडेच ठेवायची, हे रविवारी पोकर खेळून ठरवू असं सासरे म्हणाले, तेव्हा हा शनिवारीच जाऊन गाडीला नवी सीट-कव्हरं घेऊन आला.

पैशांऐवजी सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातली बटणं लावायची ठरली. मेव्हणा आधी गारद झाला. हातात काही नसलं की तो हलकेच शीळ घालायचा. शीळ ऐकू आली, की जावई बटणं वाढवत न्यायचा. असं करत त्यानं त्याला पार धुऊन काढलं.

उरले सासरे. जावयाच्या हातात तीन राजे आले आणि त्याला गाडी दारात दिसू लागली. त्यानं जवळजवळ सगळी बटणं मधे लोटली. सासऱ्यांनी आपली पानं पाहिली आणि समोरचा अख्खा ढीग कोपरानं पुढे सारला.

जावयानं त्यांना निरखलं. जबडा करकचून आवळलेला, कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी. थाप मारणारा चेहरा सैल सोडतो. हा माणूस तर मोठ्या मुश्किलीनं आनंद गिळतोय! त्यानं जड मनानं तिन्ही राजे पालथे घालून डाव सोडला. हाताशी राहिलेली दोन-चार बटणं पुढच्याच डावात गेली आणि त्यांच्यामागोमाग गाडीही.

मग सासऱ्यांनी मघाशी आपल्या हातात काय होतं ते सांगितलं. दुर्रीची जोडी.

एवढ्याशा जोडीवर सगळं कशाच्या जोरावर लावलंत, असं जावयानं विचारलं.

"जोर कसला? डाव एकदाचा संपवून आडवं व्हायचं होतं. दाढ ठणकतेय."

"अहो, मग मला नाही का सांगायचं?"

सासऱ्यांनी बायकोकडे पाहिलं. सासूबाईंनी बटणं डब्यात भरता भरता मऊ आवाजात सांगितलं, "उद्याची वेळ घेतलीय त्यांनी. तुमच्या समोरच्या दातांच्या डॉक्टरांकडे." मग जरा थांबून म्हणाल्या, "तिथं फार गर्दी असते म्हणे. गाडी तुमच्या दवाखान्यापुढे लावली तर चालेल ना?"