अकरा खुर्च्यांचा कॉम्प्युटर

माधवराव गुरुजींनी आयुष्यात कधी कॉम्प्युटर पाहिला नव्हता. पण म्हणून त्याच्याविषयी बोलू नये, असा काही सरकारी नियम नव्हता! वालूरच्या धनेश्वर विद्यालयात ते गणित शिकवायचे. नांदेडच्या एका रद्दीवाल्याकडून त्यांनी जाडजूड इंग्रजी पुस्तक उचलून आणलं होतं. कॉम्प्युटर आतून कसा असतो, त्याचं कोणतं अंग कोणतं काम करतं, हे सगळं त्यात आकृत्यांसकट दिलेलं होतं. मांडीवर डिक्शनरी ठेवून गुरुजींनी दीड वर्षात एकशे दहा पानं संपवली. पुढची पानं वाळवीनं संपवली होती, म्हणून गुरुजींचं शिक्षण तिथंच थांबलं.

पण ओढ मात्र थांबली नव्हती. एकदा तरी खरं मशीन उघडून आत डोकावावं, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती.

सत्याऐंशी सालच्या पावसाळ्यात सेलूला शिक्षकांची बैठक भरली. जिल्ह्याहून आलेल्या साहेबांनी जाहीर केलं, की तालुक्यातल्या एका शाळेला कॉम्प्युटर मिळणार. पण ज्या शाळेत त्यातलं काही कळणारा माणूस असेल, तिथंच. बाकीचे शिक्षक चहाकडं बघत बसले. माधवराव ताडकन उठले.

“साहेब, कॉम्प्युटर म्हणजे काय एवढं! त्याला दोनच गोष्टी कळतात, एक आणि शून्य. बाकी सगळी मांडणीची करामत! मशीन नसलं म्हणून काय झालं? मी अकरा माणसं बसवून बेरीज करणारा कॉम्प्युटर उभा करून दाखवतो!”

टाळ्या पडल्या. साहेब हसले. साहेब नुसते हसले असते तर काही बिघडलं नसतं, पण त्यांनी खिशातून डायरी काढून ते लिहूनही घेतलं.

ऐन दिवाळीच्या सुट्टीत, मंगळवारी, पत्र आलं. साहेब गुरुवारी सकाळी अकरा वाजता प्रात्यक्षिक बघायला येणार होते!

हेडमास्तर अप्पारावांनी पत्र दोनदा वाचलं आणि खुर्चीत बसले. “माधवराव, पोरं तर सगळी मामाच्या गावाला गेली. आता अकरा माणसं कुठून आणायची?”

“गाव आहे ना सर!”

“गाव आहे, तेच तर भ्या वाटायलंय!”

तरी बुधवारी सकाळी शाळेच्या पटांगणात माणसं जमली. शिपाई भुजंग घंटेपाशी उभा राहिला. फाटकाशी शेंगा विकणाऱ्या धुरपताबाई टोपली ओट्यावर ठेवून आत आल्या. चार शेतकरी, दोन दुकानदार, पोस्टमन, शिंपी आणि स्वतः अप्पाराव असे सगळे आले. सरपंच व्यंकटराव तर सगळ्यांच्या आधी हजर होते.

गुरुजींनी समजावून सांगितलं. “हात वर केला की एक, हात खाली असला की शून्य.”

“म्हंजे हात खाली असला, की आमी शून्य?” व्यंकटरावांनी विचारलं.

“तेवढ्यापुरतं, सरपंच.”

“तेवढ्यापुरतं बी न्हाई! पंधरा वर्सं झाली, पण गावानं अजून आमाला शून्य केलेलं न्हाई. आन् तुमी सायबाम्होरं करायलाव?”

हे ऐकून शिंप्यालाही आपली इज्जत आठवली. पोस्टमन म्हणाला, मी सरकारी नोकर आहे, मला शून्य होण्याचा अधिकार नाही. शेवटी गुरुजींनी डोकं लढवलं. हात बंद, खुर्च्या आणा! बसलेला माणूस शून्य, उभा राहिलेला एक. आता खुर्चीत बसायला कोण नाही म्हणणार? उलट सगळ्यांना शून्यच व्हायचं होतं. व्यंकटरावांनी तर हातांची खुर्ची मागून घेतली.

“चहा घिऊन येतो तवर मांडून ठिवा,” असं म्हणून ते घरी गेले.

मांडणी तशी सोपी होती. पुढं चार खुर्च्या, साहेब देतील ते दोन आकडे दाखवण्यासाठी. एका आकड्याला दोन माणसं, त्यांतला एक उभा राहिला तर एक धरायचा, दुसरा उभा राहिला तर दोन, दोघं उभे राहिले तर तीन. त्यांच्यामागं तीन ओळींत सात खुर्च्या. या सातांपैकी प्रत्येकाला पुढची दोन माणसं नेमून दिलेली. त्यांच्याकडं बघायचं आणि आपला नियम पाळायचा. कुणी म्हणे, दोघंही उभे असले तरच मी उठणार. कुणी म्हणे, दोघांतला नेमका एकच उभा असेल तर मी उठणार. आणि सगळ्यांत मागं बसलेल्या धुरपताबाईंचा नियम होता, की दोघांपैकी कुणीही उठलं तरी उठायचं. घंटेचा ठोका पडला की एक एक ओळ आपलं काम करणार. तिघांच्या गळ्यात पाट्या होत्या, चार, दोन आणि एक. शेवटी जे उभे असतील त्यांच्या पाट्यांची बेरीज म्हणजे उत्तर.

“हेच खऱ्या मशीनमध्ये असतं,” गुरुजी म्हणाले. “तिथं माणसांच्या जागी मुंगीएवढाली बटणं असतात, एवढाच फरक.”

व्यंकटरावांच्या रिकाम्या खुर्चीवर त्यांचं उपरणं ठेवून पहिली चाचणी झाली. एक अधिक एक. भुजंगनं ठोके दिले, माणसं उठली, बसली, आणि शेवटी एकटी ‘दोन’ची पाटी उभी राहिली! गुरुजींना भरून आलं. अप्पारावांनी चक्क टाळ्या वाजवल्या. वाचलेली एकशे दहा पानं अकरा खुर्च्यांवर जिवंत झाली होती!

तेवढ्यात व्यंकटराव चहा पिऊन परतले आणि आपल्या जागी बसले. गुरुजींनी दुसरी बेरीज दिली, दोन अधिक एक. यातले ‘दोन’ दाखवायचं काम व्यंकटरावांकडं होतं. ठोका पडला. व्यंकटराव उभे राहिले.

आणि सगळा कॉम्प्युटर उभा राहिला!

“उत्तर सात!” भुजंग ओरडला.

“अरे, सात कसं? दोन आणि एक तीन!” गुरुजींनी कपाळाला हात लावला. “तुम्ही का उठलात?”

“सरपंच उभे हायत गुरुजी,” शिंपी म्हणाला. “आमी कसं बसावं?”

पुन्हा केलं. पुन्हा सात. व्यंकटराव उठले, की अप्पारावांसकट सगळे उठत. आणि सगळे उठले, की मान राखायला व्यंकटराव म्हणत, “बसा, बसा.” मग सगळे बसत. म्हणजे कधी सात, कधी शून्य. मधलं उत्तर द्यायला कॉम्प्युटर तयारच नव्हता!

व्यंकटरावांना मागं बसवून पाहू, असं गुरुजी चाचरत म्हणाले. व्यंकटरावांनी नुसतं बघितलं. गुरुजींनी तो विषय लगेच सोडून दिला.

दुपार टळली. तालुक्याचा कॉम्प्युटर दुसऱ्या गावाला जाताना गुरुजींना डोळ्यांपुढं दिसायला लागला. ते ओट्यावर जाऊन बसले. त्यांना रडायला येत होतं, आणि ते लपवण्यासाठी ते शेंगा खात होते.

धुरपताबाई शेजारी येऊन बसल्या. “गुरुजी, माझ्या तीन म्हशी हायत. यक उटली का तिन्ही उटत्यात. धार काढू द्यायच्या न्हाईत.”

“मग काय करता तुम्ही?”

“मधी पोती टांगते. जिला जेवढं बगायचं, तेवढंच दिसतं.”

गुरुजींच्या हातातली शेंग हातातच राहिली. सव्विसाव्या पानावर हेच तर लिहिलं होतं! एका तारेतला प्रवाह दुसरीत शिरू नये म्हणून मध्ये आडोसा करतात. ते पान त्यांनी पाठ केलं होतं, पण त्याचा अर्थ आज कळला.

कापसाचे दिवस होते, पोत्यांना काय तोटा! संध्याकाळपर्यंत पटांगणात दोऱ्या बांधून पोती टांगली गेली. प्रत्येक पोत्याला नेमकी दोन भोकं पाडली. ज्याला ज्या दोघांकडं बघायचं, तेवढेच त्याला दिसणार. व्यंकटराव आता फक्त ज्यांना गरज होती त्यांनाच दिसत होते. त्यांनाही, “सरपंच उठले तरी बसून राहायची परवानगी आहे,” असं खुद्द व्यंकटरावांकडून वदवून घेतलं. अंधार पडायच्या आत कॉम्प्युटरनं सलग सहा बेरजा बरोबर केल्या.

गुरुवारी अकराला जीप फाटकातून आत शिरली.

“सायब आले!” भुजंग ओरडला आणि घाईत त्यानं घंटाही वाजवली. पोत्यांमागं अकरा खुर्च्या एकदम करकरल्या. तिन्ही पाट्या पोत्यांवरून दिसायला लागल्या.

साहेबांनी चष्मा नीट केला. “सात? अजून तर मी काही विचारलंच नाही.”

“ती बेरीज नाही साहेब,” गुरुजी घाम पुसत म्हणाले, “ते आपलं स्वागत होतं!”

साहेबांना खुर्ची दिली, कॉम्प्युटरलाही खाली बसवलं, आणि आकडे तीनपर्यंतचेच द्या, अशी विनंती केली. साहेबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “तीन अधिक दोन.”

पहिला ठोका. पुढच्या ओळीतले तिघे उठले, त्यात व्यंकटराव होते. गुरुजींनी मागच्या ओळींकडं पाहिलं. कुणीही आगाऊ उठलं नाही! दुसरा ठोका. मागचे दोघं उठले. तिसरा ठोका. चौथा ठोका. फक्त ‘एक’ची पाटी उभी होती.

“एक?” साहेब म्हणाले. “तीन अधिक दोन, एक?” त्यांनी डायरी मिटायला घेतली.

“थांबा की वो सायब!” पोत्याच्या मागून आवाज आला. “गुडगं हायत ते, बटनं न्हाईत!”

आणि पोत्याला धरून, खुर्चीला धरून, देवाचं नाव घेत धुरपताबाई हळूहळू उभ्या राहिल्या. त्यांच्या गळ्यात ‘चार’ची पाटी होती.

“चार आणि एक पाच!” अप्पाराव इतक्या जोरात ओरडले, की फाटकाजवळची बकरी पळाली.

“साहेब, खऱ्या मशीनलाही उत्तर द्यायला थोडा वेळ लागतोच,” गुरुजी घाईघाईनं म्हणाले. “सहाव्या प्रकरणात दिलंय तसं.”

साहेब पोटभर हसले. मग पोती बाजूला करून एकेका खुर्चीपाशी गेले आणि प्रत्येकाला त्याचा नियम विचारला. प्रत्येकानं बिनचूक सांगितला. अक्षरओळख नसलेल्या धुरपताबाईंनी तर शेजाऱ्याचाही सांगितला. साहेबांचं हसणं थांबलं. “गुरुजी,” ते म्हणाले, “मी पुण्याला सहा आठवडे हे शिकलो, पण मला आज समजलं.”

जाताना त्यांनी डायरीत पानभर लिहिलं. त्या रात्री गुरुजींनी घरी कॉम्प्युटरची जागा झाडून घ्यायलाही सांगितली. शाळेत आल्यावर एक दिवस तरी तो घरी न्यायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

साहेबांची पुढच्याच महिन्यात बदली झाली. त्यांचा अहवाल कुणा कारकुनाच्या हाती पडला आणि त्यानं तो नियमानुसार पुढं सरकवला. जानेवारीत पत्र आलं. अप्पारावांनी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं.

“आपल्या शाळेतील कॉम्प्युटर पाहणीच्या वेळी चालू स्थितीत आढळून आला. सबब नवीन कॉम्प्युटर मंजूर करण्याचे कारण दिसत नाही.”

गुरुजींचा चेहरा पांढरा पडला.

“म्होरं वाचा की,” धुरपताबाई म्हणाल्या.

“तथापि, सदर कॉम्प्युटरची देखभाल व दुरुस्ती शिकण्यासाठी श्री. माधवराव यांची औरंगाबाद येथील दोन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी निवड करण्यात येत आहे. तेथे त्यांना यंत्रे उघडून अंतर्गत रचना शिकवली जाईल.”

यंत्रे उघडून! गुरुजींनी पत्र हिसकावून घेतलं आणि स्वतः वाचलं. खरंच तसं लिहिलं होतं. त्यांनी डोळे पुसले, आणि या वेळी लपवण्यासाठी शेंगासुद्धा खाल्ल्या नाहीत. धुरपताबाईंच्या पायाच पडायला ते वाकले, तेव्हा हातातल्या पत्राच्या तळाशी आणखी एक ओळ दिसली. ती त्यांनी मनात वाचली. मग अडखळत मोठ्यानं वाचली.

“प्रशिक्षणास येताना शाळेतील कॉम्प्युटर तपासणीसाठी सोबत आणावा. प्रवासात हलू नये म्हणून दोरीने घट्ट बांधून आणावा.”

व्यंकटराव घसा खाकरून उठले.

“औरंगाबादला यायला आमची ना न्हाई, गुरुजी,” ते म्हणाले. “पण बांधून घेनार न्हाई!”