तळवणेकर सरांचं गाऱ्हाणं

तळवणेकर सर छत्री धरत, पण स्वतःच्या डोक्यावर कधीच नाही. विद्यार्थी पुढे, सर मागे आणि छत्री विद्यार्थ्यावर. तीही भर बाजारातून! प्राध्यापकाने पोरांची अशी चाकरी करावी, हे बघायला लोक दुकानांतून बाहेर येत. सर म्हणत, "विषय तुझो. मी फकत छत्री धरतलंय."

साठ सालानंतरची गोष्ट. आमचं कॉलेज नवंकोरं, भिंतींना अजून गिलावासुद्धा नव्हता. सर इतिहास शिकवत. त्यांनी एक खूळ काढलं होतं. आर्ट्सच्या प्रत्येकाने वर्षभर स्वतःचा एक विषय घ्यायचा, पुस्तकात न सापडणारा, आणि माणसांत जाऊन शोधायचा. सर सोबत येत. बाबल्याने वाऱ्यांची नावं घेतली, तेव्हा सर होडीत बसले आणि दिवसभर ओकले. दत्तारामाने तर बांद्याच्या बाजारातल्या शिव्या घेतल्या! सर मुद्दाम मासळीवाल्यांशी भावावरून हुज्जत घालत आणि पडेल ते ऐकून मागे वळून विचारत, "गावली मां रे?" प्राचार्यांनी कपाळावर हात मारला. मला मात्र हा देवमाणूस वाटे, अजूनही वाटतो.

माझा विषय गाऱ्हाणं. गावकार सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं मागतो आणि जमलेले लोक "व्हय महाराजा" म्हणतात, ते. पण घरी भलतंच शिजत होतं. बाबांचं कट्टा गावात दुकान. त्यांनी ठरवून टाकलं होतं, "चेडवाचा शिकाप पुरे झाला. आता लगीन." मी सरांपुढे रडले. सर एवढंच म्हणाले, "आयतवारी तुमच्या देवळात जावया." मला असा राग आला म्हणून सांगू!

रविवारी देवळात गाव जमला होता, बाबाही होते. मी गावकार पांडूतात्यांना म्हटलं, "तात्यानू, एक गाऱ्हाणा सांगा, लिहून घेतंय."

तात्या भडकले. "नमुन्याक? देव काय तुझो चाकर, उगाच उठवक? खरा मागणा आसात तर घालतंय."

तेव्हा मागे उभे असलेले सर पुढे आले. "माझा मागणा आसा. ह्या चेडवाक शिकाक मिळांदे."

सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या. "मास्तरानू, हो आमच्या घरातलो प्रश्न," बाबा तडकले.

"म्हणानच देवाक सांगतंय, तुमका नाय."

तात्यांनी नारळ हातात घेतला. मागणाऱ्याचं घरदार देवाला सांगायचं, ही रीत. "मास्तरानू, घरात कोण कोण आसत?"

सर गडबडले. एकटा जीव, खानावळीत जेवायचे. त्यांनी खांब धरला. मग हळू आवाजात म्हणाले, "दत्ताराम. बाबल्या. सुमन. आरोंद्याची शालू..." सगळा वर्ग त्यांनी सांगितला, एकही नाव सुटलं नाही. शेवटी माझ्याकडे बोट दाखवलं. "आणि ह्या चेडू."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, लिहायचं राहूनच गेलं. तात्यांनी एकेक नाव घेऊन देवाला साद घातली. "ह्या सगळ्यांची शिकपां पुरी करून घे रे महाराजा!"

"व्हय महाराजा," गाव म्हणाला.

बाबांचे ओठ मिटलेलेच होते. तात्या थांबले, सगळेच थांबले. बाबांनी एकदा सरांकडे पाहिलं, उपरण्याने डोळे पुसले आणि मागाहून एकटेच म्हणाले, "व्हय महाराजा."