लाटेसाठी तीन भोके

जगात जो जड असतो, त्याच्याच मागे लाट उठते. हलक्यांच्या मागे फार तर बुडबुडे. हा नियम नागपूरकरांना लग्नाच्या पंगतीपासून वॉर्डाच्या राजकारणापर्यंत पूर्वीपासून ठाऊक होता. तो पाण्यालाही लागू पडतो, हे मात्र आम्हाला गेल्या उन्हाळ्यात, तेही शासकीय खर्चाने कळले.

पिंपळघाट तलावासाठी 'जलक्रीडा उत्कर्ष कक्ष' स्थापन झाला, तेव्हा मला 'ज्येष्ठ नागरिक प्रतिनिधी' म्हणून समितीवर घेण्यात आले. माझे काम बैठकीला हजर राहणे, आलुबोंडा खाणे आणि एकमताने होणाऱ्या ठरावात एक मत घालणे एवढेच होते. कक्षाची एकूण संपत्ती अशी: एक प्रमुख (मधुसूदन शिर्के साहेब), दोन उपप्रमुख, एक जीप, चौदा लाइफ जॅकेटे (पैकी अकरा लहान मुलांच्या मापाची) आणि पोहता येणारा एक शिपाई. तो रजेवर होता.

या कक्षाने एक वेकबोर्डिंगची नाव घेतली. पायांना फळी बांधायची, हातात दोरी धरायची, दोरीचे दुसरे टोक धावत्या नावेला बांधायचे आणि नावेमागे उठणाऱ्या लाटेवर उड्या मारायच्या, असा हा खेळ आहे. नागपुरात यात नवीन काही नाही. पुढे चाललेल्या कोणाच्या तरी दोरीला धरून उभे राहण्याचा सराव इथे घरोघरी असतो. नवीन होती ती फक्त फळी.

नाव आली तेव्हा ती फार हलकी निघाली. हलकी असते म्हणूनच ती महाग असते. पण हलक्या नावेमागे लाट उठेना. सोबतच्या पुस्तकात उपाय दिलेला होता: नावेच्या तळाशी तीन रबरी थैल्या ठेवाव्यात, प्रत्येक थैलीला एक पंप लावावा, नावेच्या बुडाला तीन भोके पाडून तलावातले चौदाशे लिटर पाणी आत ओढावे, म्हणजे नाव जड होऊन खाली बसते आणि लाट उठते. खेळ झाला की तेच पंप उलटे चालवून पाणी बाहेर टाकावे. म्हणजे, हलकी हवी म्हणून जास्त पैसे मोजून घेतलेली वस्तू पुढे मुद्दाम जड करायची. यात काही विसंगती आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी सरकारी नोकरी केलेली नसावी.

तरी समितीने आधी स्वस्त पर्याय तपासले. वाळूची पोती सुचली, पण वाळूचे लिलाव बंद होते. मग सदस्यांनी स्वतःच नावेत बसावे असे एका उपप्रमुखाने मांडले. नऊ सदस्यांचे एकत्रित वजन ७४३ किलो भरले (आलुबोंड्यांपूर्वी) आणि प्रस्ताव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. परंतु उन्हात कोण बसणार, या मुद्द्यावर तो तितक्याच टाळ्यांत मागे घेण्यात आला. शेवटी पंपच लावायचे ठरले.

पंप लावायला ताराचंद बावणे याला बोलावले. सक्करदऱ्याला राहणारा, बावन्न वर्षांचा हा प्लंबर पाणी ओढण्याच्या शास्त्रातला या शहरातला सर्वात थोर माणूस आहे. एकट्या मनीषनगरात त्याने दोनशे बारा घरी टिल्लू पंप बसवून दिले, असे म्हणतात. (म्हणणारा तोच. घरवाले म्हणत नाहीत.) टिल्लू पंप म्हणजे नळाच्या लाइनीलाच लावायची छोटी मोटर, ती आपल्या वाटणीचे पाणी लवकर ओढते आणि पुढच्याच्या वाटणीचेही विसरत नाही. तिच्यावर बंदी आहे. म्हणून ती ओट्याखाली, गोणपाटात गुंडाळून ठेवतात.

ताराचंदची इच्छा एकच होती. अकरा वर्षांपूर्वी त्याने घराबाहेर पाटी लावली: 'ताराचंद बावणे, प्लंबर, परवानाधारक'. परवाना आला नाही, म्हणून शेवटच्या शब्दावर त्याने खळीने कागद चिकटवला. दर पावसाळ्यात तो कागद निघतो आणि दर पावसाळ्यात ताराचंद नवा चिकटवतो, कारण माणूस प्रामाणिक आहे. परवान्याची अट सोपी आहे: 'याने आमच्याकडे समाधानकारक पंप बसवला' असे तीन मालकांनी सही करून लिहून द्यायचे. दोनशे बारा समाधानी मालकांपैकी एकाचीही सही त्याला मिळाली नव्हती.

"सही मी देतो," शिर्के साहेब म्हणाले. "सरकारी नावेवरची एक सही तीन सह्यांच्या बरोबरीची धरतात. एक मेला उद्घाटन आहे. लाट उठली पाहिजे."

"उठवतो ना जी," ताराचंद म्हणाला. नावेत वाकून त्याने थैल्या दाबून पाहिल्या. "पन हवा कुठून जाईन?"

"कसली हवा?"

"थैलीत पानी भरायचं तं आतल्या हवेले जाले रस्ता लागते साहेब. नाही तं पंप नुसता बोंबलत राह्यते, पानी एक थेंब नाही."

पुस्तकात हवेच्या नळीचे स्वतंत्र प्रकरण होते. ताराचंदने ते वाचले नव्हते आणि शिर्के साहेबांनीही नव्हते. फरक इतकाच, की ताराचंदला ते ठाऊक होते.

आता भोके. सरकारी मालमत्तेचे भोक बुजवण्याची तरतूद आहे, पाडण्याची नाही. फाइल सत्तावीस दिवस फिरली. अखेर 'रस्ता खोदकाम परवानगी' हा जवळात जवळचा नमुना सापडला आणि 'रस्ता' शब्दावर रेघ मारून 'नाव' लिहिण्यात आले. अटी छापीलच होत्या: खोदकामाभोवती लोखंडी कठडे लावावेत, लाल दिवा लावावा, सात दिवसांत जागा पूर्ववत करावी. कठडे नावेत बसेनात, म्हणून नाव कठड्यांत बसवली.

ताराचंदने किनाऱ्यावर चढवलेल्या नावेच्या बुडाला तीन भोके इतकी सुबक पाडली की बघणाऱ्याला आपल्यालाही एखादे पाडून घ्यावेसे वाटावे. त्यांत पितळी तोट्या बसवल्या, पंप जोडले, नळ्यांना दुहेरी क्लॅम्प आवळले आणि प्रत्येक थैलीला हवेची नळी काढून ती वर काठाशी आणली. मग एका बादलीभर पाण्यात तोटी बुडवून त्याने पंप चालवून दाखवला. बटण एकीकडे दाबले की पाणी आत, दुसरीकडे दाबले की बाहेर. एक थेंब गळला नाही. मी चष्मा लावून पाहिला.

आठव्या दिवशी दुरुस्ती पथक आले आणि त्याने तिन्ही भोके सिमेंट काँक्रीटने बुजवून टाकली. आधीचा फोटो काढला, नंतरचा काढला. या शहरात खोदलेला खड्डा मुदतीत बुजल्याची ही माझ्या आठवणीतली पहिली नोंद, आणि तो मान एका नावेला मिळाला.

"बाप्पा!" ताराचंद नावेखाली आडवा होऊन म्हणाला. "हे कोनं केलं जी?"

"नियमाने केलं," शिर्के साहेब म्हणाले.

"तं आता पानी कुठून घेऊ मी?"

"ते तांत्रिक आहे. तांत्रिक बाबतीत कक्ष हस्तक्षेप करत नाही."

ताराचंदने कपाळावर हात मारला नाही, कारण हातात पाना होता. त्याने नाव पाण्यात उतरवून नळ्या काठावरून खाली तलावात सोडल्या आणि पंप सुरू केले. ते चार मिनिटे चालले. उघडून पाहिल्यावर आत सापडले ते असे: जलपर्णीची मुळे, हारातली सुतळी, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या सात पन्न्या आणि एका उमेदवाराची अर्धी फीत. तलावात थोडे पाणीही आहे, असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले.

एक मे चार दिवसांवर आला होता. तेव्हा शिर्के साहेबांना टँकर सुचला. तलावाकाठच्या वस्तीत एक दिवसाआड पाण्याचा टँकर येतो. तो नाहीतरी तिथवर येणारच, म्हणजे इंधनाची बचत. एक मेचा टँकर नावेत रिकामा करावा, वस्तीने एक दिवस सहकार्य करावे, असा ठराव झाला. एकमताने. (त्यातले एक मत माझे.)

वस्तीतले शेवटचे घर जयवंताबाईंचे. त्यांच्याकडे नळ आहे. तो पहाटे साडेपाचला खोकतो, फुसफुस करतो आणि सहाला गप्प होतो. त्या लाइनीवर त्यांच्या आधी अख्खे मनीषनगर लागते. म्हणून त्या टँकरवर जगतात, आणि म्हणून एक मेला सकाळी दहा वाजता, मांडव घातलेल्या किनाऱ्यावर, त्या चार गुंड (म्हणजे आमच्याकडच्या पाण्याच्या कळशा) आणि एक बकेट घेऊन सर्वांच्या आधी हजर होत्या. कक्षाने त्यांची नोंद 'उत्स्फूर्त प्रेक्षक' अशी केली.

टँकरचे पाणी थैल्यांत भरले. हवा आपल्या नळ्यांतून सुस्कारत निघून गेली. चौदाशे लिटर. मग त्यावर शिर्के साहेब, दोन उपप्रमुख, मी आणि आणखी पाच सदस्य चढलो, कारण मांडवातून छत्र्या आणल्या गेल्या होत्या. नाव जड झाली. पुस्तकात म्हटल्याप्रमाणे ती खाली बसली. पुस्तकात म्हटल्यापेक्षा थोडी जास्त बसली, कारण मे महिन्यात पिंपळघाट तलावात साडेतीन फूट पाणी असते.

मागे, दोरीच्या टोकाला, साहेबांचा भाचा रजत फळीवर सज्ज होता. (गोव्याचा अनुभव: चार सेकंद.) इंजिन गरजले. चिखल उडाला. नाव हलली नाही. खरे सांगायचे तर इतकी स्थिर नाव मी जन्मात पाहिली नाही; शिर्के साहेबांच्या कपातला चहा डचमळला नाही. रजत कमरेइतक्या पाण्यात दोरी धरून उभा होता आणि बँडवाले वाजवत होते.

"ताराचंद," साहेब दातांतून म्हणाले, "लाट कुठंय?"

"नाव गाळात बसून राह्यली साहेब. पानी सोडा लागते. हलकी झाली का निंघन."

"मग सोड ना! काहून थांबला?"

ताराचंदने बटणावर बोट ठेवले, तेवढ्यात किनाऱ्यावरून जयवंताबाई ओरडल्या:

"ए गा ताराचंद! कुठं सोडून राह्यला ते पानी?"

"तलावात वं बाई!"

"तलावात? आमच्या तोंडचं पानी गाळात? लाज नाही वाटत तुले? इकडं दे तो पाइप!"

ताराचंदने साहेबांकडे पाहिले. साहेब मंत्र्यांच्या खुर्चीकडे पाहत होते. ती रिकामी होती, मंत्री दुसऱ्या उद्घाटनात होते. मग ताराचंदने एक गोष्ट केली, जी ठरावात नव्हती. त्याने तिन्ही नळ्या एकत्र जोडल्या, लांब पाइप किनाऱ्यावर फेकला आणि बटण दाबले.

पाणी असे आले की जयवंताबाईंच्या हातून पहिली गुंड निसटली. धार! वस्तीने धार टँकरची पाहिली होती, पण ती भांडण घेऊन येते. ही एकसारखी, शांत, न खोकणारी. बाया रांगेत आल्या. कोणी कोणाला ढकलले नाही. पन्नास मिनिटांत एकशे चाळीस बकेटा भरल्या. मी मोजल्या, कारण नावेत मला दुसरे काम नव्हते. शेवटच्या थेंबाला जयवंताबाई म्हणाल्या, "माह्या लग्नापासून असा नळ नाही पाह्यला मी. पोट्टेहो, हात जोडा त्याले." कोणाला, हे त्यांनी सांगितले नाही. रजतने जोडले.

हलकी झालेली नाव आम्हा नऊ जणांसह गाळातून सुटली आणि डुलत डुलत काठाला लागली. लाट उठली नाही. मागे बुडबुडे होते.

कक्षाचा अहवाल समतोल आहे. नाव: उत्कृष्ट. पंप: उत्कृष्ट. गळती: शून्य. परंतु थैलीतले पाणी जोवर नावेसाठी होते तोवर ते 'वजन' होते. ज्या क्षणी ते माणसाच्या बकेटीत पडले, त्या क्षणी तो 'पाणीपुरवठा' झाला. आणि पाणीपुरवठ्याचे काम विनापरवाना करणे हा गुन्हा आहे. शिर्के साहेबांनी सही केली. परवान्याच्या कागदावर नव्हे, नोटिशीवर. मी तो अहवाल दोनदा वाचला आणि एवढेच म्हणतो की त्यात एकही चूक काढता येत नाही.

मागच्या आठवड्यात ताराचंद मनीषनगरात माझ्या घरी आला. उभाच राहिला.

"एक सही द्या जी. तुमच्याकडे मीच बसवला ना, चार वर्षं झाले. काही तक्रार आहे का?"

"पंप?" मी म्हणालो. "कोणता पंप?"

ओट्याखाली, गोणपाटात, त्या वेळी तो गुरगुरत होता. आवाज फार नाही; काम सुबक आहे. ताराचंदने तो ऐकला, मला ऐकू येतोय हे पाहिले, आणि म्हणाला, "बरं जी. क्लॅम्प ढिला झाला आहे तुमचा, आवळून देतो." आवळून दिला. पैसे घेतले नाहीत. अर्ज मात्र टेबलावर विसरून गेला.

तो अजून माझ्याकडे आहे. सहीच्या तीन जागा आहेत. मी वयाने मोठा, म्हणून मला शेवटची चालेल. पहिली जागा वाचकांचा मान म्हणून मी रिकामी ठेवली आहे. पेन माझे देईन. तुम्ही फक्त या, आणि येताना घरची मोटर बंद करून या. नाहीतर जयवंताबाईंचा नळ तोवर नुसती हवा सोडत राहील.