खातरजोमा

आधी माफी मागते. कोणा माणसावर लेख लिहावा एवढी माझी लायकी नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि तीही अजून पेणच्या कॉलेजात दुसऱ्याच वर्षाला. ज्यांच्यावर लिहिते आहे त्या जोमाकाकांना मी घाबरत घाबरत विचारलं, "काका, तुमच्यावर लिहू का?" ते म्हणाले, "लिव. पन जे बगलंस ते लिव. आयकलेलं लिवशील तं खाली 'आयकलेलं' म्हनून लिव." तेव्हा तसंच करते.

जोमाकाका आमचे शेजारी. पेणला जाताना वाटेत रेल्वेचं फाटक लागतं. फाटक उघडं असलं तरी काका सायकलवरून उतरतात, रुळांच्या अलीकडे उभे राहतात, आधी पनवेलकडे बघतात, मग रोह्याकडे. मागे टेम्पोवाले हॉर्न वाजवत राहतात. एकदा फाटकवाला ओरडला, "अहो बाबा, फाटक उघडं हाय ना!"

काका म्हणाले, "तू उगडलंस. गाडीनं मना काय कलवलं नाय."

गावात त्यांना कोणी जोमा म्हणत नाही. खातरजमा करणारा तो खातरजोमा. समोरून कोणी बातमी घेऊन आला की काकांचा एकच प्रश्न, "तू सोताच्या डोल्यांनी बगलंस?" नाही म्हटलं की, "मंग डोलं कशाला हायेत? काजल घालाला?"

माझा भाऊ पिशवीवरची तारीख बघून दूध ओतून टाकायला निघाला. काकांनी पिशवी घेतली, वास घेतला आणि आमच्याच ओट्यावर बसून अर्धं दूध पिऊन टाकलं. "नाक कशाला दिलंय रे तुला? चष्मा अडकवाला?"

एका लग्नाच्या पाहुण्यांची गाडी मोबाईलमधल्या बाईचं ऐकून थेट खारबांधावर गेली. आमच्याकडे खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचा बांध असतो, तो त्या बाईला रस्ता वाटला असावा. गाडी चिखलात बसली. ढकलायला अख्खी आळी गेली, काकाही गेले. गुडघाभर चिखलात उभे राहून त्यांनी सूटबूटवाल्या पाहुण्याला विचारलं, "ती बाई उतरते का ढकलाला? नाय ना? सांगनारी येगली, भोगनारा येगला. मंग जरा काच खाली करून बगावा."

काका नेहमी बरोबरच असतात असंही नाही. तारेतली वीज बंद केली आहे असं वायरमनने सांगितल्यावर त्यांनी बोट लावून खातरजमा केली होती म्हणे, आणि पुढे कितीतरी दिवस त्यांना त्या हाताने जेवता आलं नव्हतं. (आयकलेलं.)

आता मूळ गोष्ट. आमच्या भावकीचा मोबाईलवर ग्रुप आहे. एका सकाळी त्यावर बाळारामकाकांचा फोटो आला. बाळारामकाका मूळचे आमच्याच गावचे, पण मुलगा रोह्याकडे कंपनीत लागल्यावर ते त्याच्याकडे अष्टमी गावात राहायला गेले. फोटोभोवती झेंडूचा हार, खाली पेटती समई आणि दोनच शब्द, 'आमचे आजोबा'. पहिल्या माणसाने हात जोडले. दुसऱ्यानेही जोडले. तिसऱ्याने 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, आणि मग काय, दुपारपर्यंत गाव हात जोडत राहिलं. माझ्या वडिलांनीही जोडले.

पंचाईत अशी की त्या संध्याकाळी आमच्या आळीत हळद होती. मांडव उभा, डीजे येऊन पडलेला, मटण शिजायला टाकलेलं. भावकीत मयत म्हणजे सुतक, आणि सुतकात हळद कशी लावायची? नवरीची आई मटणाच्या टोपाकडे बघून रडायला लागली. ती कोणासाठी रडत होती ते मला ठरवता आलं नाही.

मंडळी मांडवात जमली. काका कोपऱ्यात उभे होते.

"फोन लावा ना अष्टमीला," ते म्हणाले.

"लावला. लागत नाय. म्हंजे खरंच असनार."

"फोन लागत नाय म्हंजे फोन लागत नाय. मानूस मेला असं त्यात कुटं हाय?"

"अरे जोमा, येवढ्या लोकांनी हात जोडलेत. सगले येडे काय?"

"सगल्यांनी जोडले. बगला कोनी?"

"सुतक तरी पालाला नको?"

"सुतक मानसाला लागतंय का मोबाईलला? मी जातो. बगून येतो."

सगळ्या माना काकांकडे वळल्या. कारण जोमाकाका आणि बाळारामकाका यांच्यात बोलणं नव्हतं. मी जन्मायच्याही आधीपासून नव्हतं. त्याचं कारण आईने मला सांगितलं होतं. (तेव्हा हेही आयकलेलं.) खारबांधाला एक लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला ते शेतातलं पाणी बाहेर सोडतं आणि भरतीला पाण्याच्या दाबाने आपोआप बंद होतं. एका पावसाळ्यात ते दार भरतीला बंदच झालं नाही. खारं पाणी आत शिरलं आणि काकांचं उभं भात करपून गेलं. गावातला एकजण म्हणाला, "मी डोल्यांनी बगला, बाल्या उघाडीवर व्हता." तेव्हापासून एकाच चंचीतून तंबाखू खाणारे ते दोघे एकमेकांना पाहून वाट बदलायला लागले.

"तुजं त्याचं बोलनं नाय, तू कशाला जातोस?" कोणीतरी टोमणा मारला.

"बोलाला कोन जातो? बगाला जातो," काका म्हणाले.

एकटे नकोत म्हणून आईने मला बरोबर धाडलं. पेणच्या स्टँडवर गाडीला 'रोहा' अशी पाटी होती. काकांनी तरी ड्रायव्हरला विचारलंच.

"पाटी वाचता येत नाय का बाबा?"

"येते. पन गाडी तू चालवतोस का पाटी?"

गाडी सुटली आणि काकांच्या मांडीवरची कापडी पिशवी आपोआप हलली. मी दचकले. आत काहीतरी खुडबुडत होतं.

"काका, काय आहे?"

"चिंबोऱ्या."

नांग्या बांधलेले जिवंत खेकडे! "काका... मयताला चिंबोऱ्या?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाल्याला आवडतात." मग थोड्या वेळाने, "मेला असंल तं परत नेईन."

नागोठणं गेलं तरी त्यांची नजर खिडकीबाहेरच. पिशवी तेवढी पोटाशी धरून बसले होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपली खातरजमा होऊ नये असं वाटत होतं की काय, कोण जाणे. हे मी बघितलेलंही नाही आणि ऐकलेलंही नाही, नुसतं मला वाटलं.

रोह्याला उतरून आम्ही पूल ओलांडला आणि अष्टमीत विचारत विचारत घर गाठलं. दारात बाळारामकाका खुर्चीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होते. अंगात नवा कोरा सदरा, कपाळावर कुंकवाचा टिळा. त्यांनी मान वर करून बघितलं, पुन्हा नीट बघितलं आणि विचारलं, "कोन मेलं?"

"तू," काका म्हणाले.

"कवा?"

"सकाली. ग्रुपवर."

आतून त्यांची नात धावत आली. आजोबांचा वाढदिवस होता. छान दिसते म्हणून तिने हाराची चौकट लावली होती, आणि फोन बंद करून चार्जिंगला ठेवून ती रव्याचा केक करत बसली होती. पहिल्या माणसाने हात जोडले होते ते वडीलधाऱ्याला नमस्कार म्हणून. बाकीच्यांनी पुढच्याचे हात बघून आपले जोडले.

बाळारामकाका इतके हसले की शेंगा मांडीवरून खाली सांडल्या. "बस मंग. माज्या मयताला आलास, पाच मिंटं तरी बस."

काका बसले नाहीत. पिशवी तशीच हातात धरून उभे राहिले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"बाल्या, ते दिवशी उघाडीवर तू काय करत व्हतास?"

बाळारामकाकांचं हसू थांबलं. "आज इचारतंस?"

"आज इचारतो."

"ओंडका अडकला व्हता दारात. काडत व्हतो. येकट्याला निंगाला नाय. तुला हाक माराला आलो, तवर तुजं दार बंद. मना सांगितला कोनी, जोमा तुजं थोबाड बगनार नाय."

"तू सांगाचं ना मंग!"

"तू इचाराचं ना!"

दोघेही तावातावाने ओरडले. पिशवीत चिंबोऱ्या खुडबुडत होत्या. काका खुर्चीशेजारी उकिडवे बसले आणि सांडलेल्या शेंगा एकेक वेचायला लागले.

"त्यानं डोल्यांनी बगला व्हता," ते पुटपुटले. "बगला व्हता खरा. पन इचारला कोनी नाय. मी बी नाय."

मग एकदम माझ्याकडे वळले. "गो पोरी, ग्रुपवर टाक. बालाराम जिता हाय, जोमानं डोल्यांनी बगला. हलद लावा."

मी टाकलं. लगेच हसणारे चेहरे आले, आणि डीजे सुरू झाल्याचंही कोणीतरी कळवलं.

"आजून येक टाक. उघाडीत ओंडका अडकला व्हता. बालारामानं कायेक केला नाय."

"काका, हे आता कोणाला कळणार? ज्याने सांगितलं होतं तो माणूस तरी आहे का?"

"तो मेला. त्याची खबर नाय मेली. ती आजून गावात हिंडते. टाक."

मी टाकलं. या वेळी हसणारे चेहरे आले नाहीत. मग कोणा पोराने विचारलं, 'कुठली उघाडी?' त्याला कोणी उत्तर दिलं नाही. आणि मग एकाने हात जोडले, दुसऱ्यानेही जोडले.

"काय म्हनतात?" काकांनी विचारलं.

"हात जोडलेत."

"कसले? नमस्काराचे का मयताचे?"

मी फोन डोळ्यांजवळ नेऊन नीट बघितलं. कळलं नाही.

"मंग इचार," काका म्हणाले, आणि पिशवीची गाठ सोडायला लागले.