कंसात काय?

आमच्या शेजारच्या लांजेवार सरांच्या दारावर थाप मारली, तर आतून ‘कोण आहे?’ असं कुणी विचारत नाही. आतून आवाज येतो, “कंसात काय?”

नवा माणूस गोंधळतो. आमच्या साकोलीतला जुना माणूस मुकाट्याने उत्तर देतो. “मीटर पाहाचं आहे जी.” मग दार उघडतं.

तुमच्या तिकडच्या परदेशातल्या शाळेत भूमितीची सिद्धता कशी लिहितात, नातवंडांनो, मला ठाऊक नाही. इथे दहावीला प्रत्येक विधानासमोर कंसात त्याचं कारण लिहावं लागतं. ‘हे दोन कोन समान आहेत’ एवढ्यावर भागत नाही. पुढे कंसात ‘विरुद्ध कोन’ लिहायचं. कारण नसेल, तर विधान कितीही खरं असो, गुण जातो. लांजेवार सर हा विषय हायस्कूलमध्ये शिकवतात आणि शाळा सुटल्यावर तोच नियम गावभर लावत फिरतात.

“वांगी महाग झाली जी,” भाजीवाली म्हणते.

“कंसात?”

“तुमाले पाहून.”

“कारण ग्राह्य,” असं म्हणून सर पिशवी पुढे करतात.

एकदा माझ्या स्वयंपाकघरात आले. माझे डबे तुम्हाला माहीत आहेत, प्रत्येकावर चिठ्ठी. सर एका डब्यासमोर थांबले. “काकू, ‘धने’ हे झालं विधान. कंसात?” मी झाकण उघडून दाखवलं, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

पण संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर एकोडी गावाकडची मुलं सायकलींवरून शिकायला येतात, तेव्हा मी हातातलं काम ठेवून पाहत बसते. सर फळ्याकडे नीट बघतही नाहीत. खांद्यातून हात फिरतो आणि वर्तुळ उमटतं. सुरुवात कुठे झाली ते शोधून सापडत नाही. मुलं दोरी लावून तपासतात आणि दर वेळी ते बरोबरच निघतं.

एवढ्या सगळ्या गावात सर फक्त एका माणसाला ‘कंसात काय’ विचारत नसत. त्यांच्या बायकोला, मंदाला.

मंदा सिहोऱ्याची. नववीत असताना लग्न झालं आणि शाळा सुटली. गेल्या वर्षी, केस पांढरे व्हायला लागल्यावर, तिने परस्पर बाहेरून परीक्षा देण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि दहावीला बसते म्हणून जाहीर केलं. सर म्हणाले, “बस.” पुढे काही विचारलं नाही.

मराठी, इतिहास तिने हसत उरकले. भीती होती ती भूमितीची. तरी एका दुपारी तिने मला हाक मारून बोलावलं. जमिनीवर पितळी परात उपडी ठेवून तिने भोवती खडू फिरवला होता. परात उचलून बरोबर मधून दोरा ताणून रेघ काढली होती. अर्ध्या वर्तुळावर कुठेही एक ठिपका द्यायचा, तो रेघेच्या दोन्ही टोकांना जोडायचा आणि तिथे पुस्तकाचा कोपरा लावून पाहायचा.

“कुठूनबी घ्या काकू, कोपरा बसतेच!”

मी गुडघे विसरून खाली बसले. हे प्रमेय मी कॉन्व्हेंटात इंग्रजीत पाठ केलं होतं. मंदाच्या खडूच्या वर्तुळावर ते पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला. ठिपका कुठेही द्या, काटकोनच! हे कुणी ठरवून ठेवलं असेल? आम्ही दोघी ठिपके देत बसलो. चूल तशीच राहिली.

मग सरांनी तिची सराव परीक्षा घेतली. चाळीस गुणांची, घड्याळ लावून. मी दही द्यायला गेले तेव्हा पेपर तपासून झाला होता. मंदाचं विधान बरोबर होतं, कोन काटकोनच होता. पण कंसात ‘अर्धवर्तुळातील कोन’ लिहायच्या जागी तिने लिहिलं होतं, ‘हे म्हणतात’. एकदा नव्हे, पानभर. प्रत्येक कंसात ‘हे म्हणतात’. सरांनी सगळे गुण कापले होते.

“हे कारण होत नाही,” सर म्हणाले.

“‘हे’ म्हंजे तुमीच ना जी?”

“मी असो का कोणी असो. प्रमेयाले माणसाची साक्ष चालत नाही.”

मंदाने पदराला हात पुसले. “लगन झालं तवापासून माह्या सगळ्या कंसात हेच तं आहे. अंगणवाडीची नोकरी सोडली, कंसात हे म्हणतात. माहेरी गेली नाई, कंसात हे म्हणतात. तवा पुरे गुण देल्ले. आता कायले कापता?”

तिने कंपासपेटी उचलून माळ्यावर फेकली. “मी नाई बसत परीक्षेले.”

सरांनी लाल पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवलं.

त्यानंतर त्यांच्या घरातून ‘कंसात’ हा शब्दच ऐकू येईना. दारावर थाप पडली की सर नुसतेच दार उघडत. भाजीवाली मला हळूच म्हणाली, “सरची तब्येत बरी नाई का जी?”

मी दह्याचं भांडं परत आणायला गेले, तेव्हा सर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे होते. हातात माळ्यावरची कंपासपेटी, केसांना जळमटं लागलेली.

“मंदा, तू परीक्षा काहून देऊन राहिली होती?” आणि जवळजवळ भीतभीत, “कंसात?”

मंदा भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “ओसरीवर पोराईसंग किती बोलता तुमी. हासता. घरात आले का गप. म्हटलं, ते बोलनं मले समजलं, तं माह्यासंगबी बोलाल.”

मी भांडं न घेताच परतले.

मंदा परीक्षेला बसली. केंद्रातून बाहेर आली तेव्हा म्हणाली, “सगळे कंस भरले. तुमचं नाव कुठंच नाई.” सर हसले. भूमितीत ती पास झाली, आणि भरपूर गुणांनी. पेढे वाटायला सर स्वतः दारोदार फिरले.

आता ‘कंसात?’ हा शब्द त्या घरात तीच जास्त वापरते. काल संध्याकाळी मी अंगणात कपडे काढत होते. कुंपणापलीकडून सरांचा आवाज आला.

“चल, तलावाच्या पारीवरून फिरून येऊ.”

“कंसात?”

इतकी प्रमेयं सरांना पाठ, पण हे कारण त्यातल्या एकातही नव्हतं.

“एकट्याले करमत नाही,” ते म्हणाले.

मंदाने किती गुण दिले, ते मला ऐकू आलं नाही. चपलांचे दोन जोड मात्र ऐकू आले, फाटकातून बाहेर जाताना.