पहिला घोट जमिनीले

गुलाबभाऊंच्या दुकानात चहा मिळतो, पण पहिला घोट आपल्याला मिळत नाही. तो जमिनीत ओतायचा. त्यासाठी मधली एक फरशी काढून माती मोकळी ठेवली आहे. "पहिला घोट जमिनीले," असं म्हणून भाऊ समोर उभे राहतात आणि आपण ओतेपर्यंत हलत नाहीत.

हा गडचांदूरचा एक जुना बार. दारूबंदीत बंद पडला. बंदी उठली तरी भाऊंनी चहाच चालू ठेवला. या वयात भांडणं सोडवणं होत नाई म्हणतात. सवयी मात्र बारच्याच राहिल्या. चहा त्याच जुन्या ग्लासांत, सोबत वाटीभर चणे. तिसरा चहा मागितला की ते माणसाचे डोळे निरखतात. "बस झालं आता. घरी जा, बायको वाट पाहून राह्यली." हे त्यांनी आमच्या बिनलग्नाच्या सरांनाही ऐकवलं आहे.

मी कॉलेज सुटलं की बस येईपर्यंत तिथे बसते. आईला सांगताना 'चहाचं दुकान' एवढंच सांगते.

परवा भाऊंचा पुतण्या नवीन टाइल्स आणि मिस्त्री घेऊन आला. गिऱ्हाइकं त्या खड्ड्यात अडखळतात, मुंग्या होतात, तो बुजवायचाच, असं त्याचं म्हणणं. ते काही चूक नव्हतं. भाऊंनी स्टूल उचललं आणि मातीवर ठेवून बसले. मिस्त्रीने त्यांच्या भोवतीने सगळ्या खोलीत टाइल्स बसवत आणल्या, तरी भाऊ उठेनात.

मी दुसरा चहा संपवला आणि भीत भीत विचारलं. पहिली धार पूर्वजांना द्यायची रीत तर आमच्या लोकांची, जंगलातल्या गावांची. भाऊ आमच्यातले नव्हेत. मग ते कोणासाठी ओततात?

"मले घरी कोन हाय? बाजाराच्या दिवशी तुमच्याकडचेच म्हातारे येत. फरशीवर सांडत, मी ओरडो. शेवटी फरशीच काढली. आता ते सारे गेले. त्याइले कोन देईन?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझा आजा त्या खिडकीपाशी बसे. नाक तुझंच. लय गाणे म्हणे, एकही सुरात नाई."

आजोबा मी जन्मायच्या आधीच गेले. ते गात होते, हे घरी कोणी मला सांगितलं नव्हतं.

शेवटी पुतण्याच वैतागून मिस्त्रीला म्हणाला, राहू दे तेवढी जागा. मिस्त्रीने कडेने सिमेंट नीट फिरवून घेतलं.

भाऊंनी स्टूल बाजूला केलं आणि न मागता माझ्यासमोर चहा ठेवला. तो माझा तिसरा होता. घरी जा म्हणाले नाहीत.

मी अर्धा ग्लास ओतला.