सड्यापलीकडचा समुद्र

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही कोंबडीच्या पायांसारखं आहे, त्याची माफी असावी. पण देवरावांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. नागपुरात बसून रोज सकाळी समुद्र मोजणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

मोजायचे आमच्याच अंगणात. रॉकेलच्या रांगांचे ते दिवस. एका अंगणाभोवती आम्ही चार बिऱ्हाडं. देवराव विद्यापीठात शिकवायचे आणि समुद्राच्या कारभारावर प्रबंध लिहीत होते. किनाऱ्यापासून कुठवरचं पाणी कोणत्या देशाचं, त्यात घाण टाकली तर कोणी कोणाला बोलायचं, असं काहीतरी. समुद्र मात्र पाहिलेला नव्हता.

"कन्हान नदीच समजा वहिनी," ते म्हणायचे, "फक्त पलीकडचा काठ काढून टाका."

आम्ही बायका सडा टाकायला लागलो की हे टेप घेऊन मागे हजर. जिचा सडा जिथवर, तिथे खडूची रेघ. "ही तुमची हद्द. मधला पट्टा कोणाचाच नाही, म्हणून सगळ्यांचा कचरा तिथंच. साऱ्या जगात हेच होऊन राहिलं!" आणि लॉटरी लागल्यासारखी टाळी वाजवायचे.

समोर काशीबाई राहायच्या. एकट्या, पापड लाटून पोट भरणाऱ्या, तोंडाच्या तिखट. त्यांनी धुण्याचं पाणी फेकलं की देवराव खिडकीतून ओरडायचे, "हद्द पाहा, काशीबाई! माझ्या पाण्यात साबण येऊन राहिला!"

"नळाले दोन दिवस पाणी नाही, अन् यांचा समुद्र भरून राहिला! घ्या, ही भरती!" म्हणत दुसरी बादली.

मी पदरात तोंड लपवून हसायची.

प्रबंध होत आला. पण किनारा पाहून, कोळ्यांशी बोलून आल्याशिवाय तो घेणार नाही, असं वरच्या सरांनी बजावलं. विद्यापीठाने प्रवासाला पैसे दिले. देवरावांनी आठ दिवस आधी पेटी भरली. काशीबाईंनी पापडांची चळत आणून दिली. "जा गा मास्तर, आता खऱ्या पाण्याशी भांडा."

निघायच्या दिवशी देवराव स्टेशनसाठी टांगा घेऊन आले, तोच काशीबाई नळापाशी घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्याच टांग्यात आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. ऑपरेशन, औषधं, सगळ्याला समुद्राचे पैसे गेले. काशीबाईंना त्यांनी सांगितलं, "सरकारनं फुकटात केलं." खरं फक्त मला माहीत.

विद्यापीठाचा नियम असा, की प्रवास झाला नाही तर पैसे परत, आणि पहिले फिटल्याशिवाय दुसरे मिळणार नाहीत. दर महिन्याला पगारातून कापू लागले. प्रबंध फळीवर पडून राहिला. काशीबाई काठी टेकत हिंडू लागल्या, बादली मात्र सुटली नाही.

दोन वर्षांनी एका दुपारी देवराव दारात आले, हातात विद्यापीठाच्या हिशेबाची चिठ्ठी.

मी कधी तोंड वर करून बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "आता तरी काशीबाईंना सांगा ना."

"नका हो वहिनी! मग त्या माझ्याशी चांगल्या वागतील." ते हसले, मग चिठ्ठीकडे बघत राहिले. "घरी आल्यावर मले आवाज देणारं दुसरं आहे कोण?"

चिठ्ठीवर लाल शाईने लिहिलं होतं, बाकी निरंक.